चार लग्नांची पौर्णिमा

आमच्या भागात माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हौ’ म्हणायचं असतं. हा हौ म्हणजे होकार नव्हे. बोला, मी ऐकून राह्यलो, एवढाच त्याचा अर्थ. नुसतं गप्प बसून ऐकलं तर बोलणाऱ्याला वाटतं, याच्या मनात काहीतरी आहे. म्हणून सगळेच हौ म्हणतात, आणि कोणता हौ ऐकल्याचा, कोणता पटल्याचा, हे सगळ्यांना बराबर कळतं.

वसंताचा हौ मात्र कोणालाच ओळखता यायचा नाही.

वसंता हसनाबादला ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. सव्वीस वर्षांचा, उंच, मानेत जरा पुढे वाकलेला. समोरचा बोलायला लागला की तो अजून वाकायचा, डोळे मिटायचा आणि गळ्यातल्या गळ्यात असा लांबवून ‘हौऽ’ म्हणायचा की बोलणाऱ्याला आपलं काम झाल्यातच जमा वाटायचं. माणूस निघून गेला की वसंता डोळे उघडायचा. तोवर उशीर झालेला असायचा.

१९७५ च्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या डॉक्टरांची बदली झाली आणि नवे डॉक्टर काही आले नाहीत. पावसाळ्याच्या आत गावोगावच्या जनावरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचायची होती. सतरा गावं, एक सायकल, एक वसंता. लोक त्यालाच डाक्टर म्हणू लागले, कारण म्हणायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तीन वर्षांपूर्वी तो औरंगाबादला बौद्ध विधी शिकवणारं दहा दिवसांचं शिबिर करून आला होता. वंदना पाठ, आवाज खणखणीत, पाली शब्दाला अडखळायचा नाही. तेव्हापासून त्या टापूत बौद्ध पद्धतीनं लग्न लावायचं, बाळाचं नाव ठेवायचं, नव्या घरात पाऊल टाकायचं तर वसंता हवा. सकाळी बैल, संध्याकाळी मांडव. मधल्या वेळात कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कोणाचं भांडण, कोणाच्या म्हशीचं बाळंतपण.

लक्षात ठेवण्यासाठी तो रुमालाला गाठी मारायचा. पण रुमालाला कोपरे चारच. मग त्यानं गळ्यातला पंचा वापरायला काढला. मे महिन्यात त्या पंच्याला अकरा गाठी होत्या, आणि कोणती गाठ कशाची हे त्याला एकीचंही सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास त्याला हसू यायला लागलं. बैलाला सुई टोचताना, अर्ज लिहिताना, एकटा सायकलवर असताना. माणूस काठोकाठ भरला की कुठूनतरी सांडतो. काही रागातून सांडतात, काही दारूतून. वसंता हसण्यातून सांडायचा. त्याची आई द्वारकाबाई शेजारणीला म्हणाली, “माह्यं लेकरू लई आनंदात हाय गं, लगीन ठरल्याधरून.” शेजारणीनं ओसरीकडे पाहिलं. वसंता तेव्हा ओसरीवर बसून चपलेकडे पाहत हसत होता.

बौद्धांनी मुहूर्त सोडला त्याला तेव्हा एकोणीस वर्षं होत आली होती. पंचांग नाही, गुण जुळवणं नाही, वर्षाचे सगळे दिवस सारखेच चांगले. एवढे सगळे दिवस मोकळे झाल्यावर लोकांनी त्यातून एकच निवडला, तो म्हणजे बुद्धपौर्णिमा. त्या वर्षी ती रविवारी आली, म्हणजे नोकरदारांचीही सोय. हसनाबादच्या एका घरानं वसंताला सांगितलं, त्यानं डोळे मिटून हौ म्हटलं. पिंपळवाडीहून माणूस आला, हौ. टाकळीचे लोक तर बैलाला घेऊन दवाखान्यात आले होते आणि बैलाबरोबर लग्नाचंही बोलले. तो हौ नेमका कशाला होता, हे बैलालाही कळलं नसेल.

चौथ्या लग्नाचा हौ तेवढा वसंतानं विचार करून म्हटला होता. ते लग्न त्याचं स्वतःचं होतं.

हा घोळ उघडकीस आणला देवानंदनं. देवानंद त्याचा बालमित्र, सायकलचं दुकान चालवायचा. लग्नाला आठ दिवस असताना तो चार पत्रिका घेऊन आला आणि द्वारकाबाईंसमोर त्या एकेक करून मांडल्या.

“ही हसनाबादची, सकाळी आठ. ही पिंपळवाडीची, धा. ही टाकळीची, बारा. तिन्हीवर लिव्हलंय, मंगलविधी आयुष्मान वसंता यांच्या हस्ते. आन ही चौथी राजूरची, सायंकाळी ठीक पाच. हिच्यावरबी वसंता हाय, पण हस्ते न्हाई. हा सोता.”

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. “आरं, तुह्यं लगीन हाय त्या दिशी!”

“हौ,” वसंता म्हणाला.

“हौ काय हौ! तुला कळून राह्यलं का म्या काय म्हणून राह्यले?”

“हौ.”

“देवानंदा, याला हलव रे.”

देवानंदनं हलवलं. वसंता हसायला लागला. हसता हसता म्हणाला, “आता न्हाई कसं म्हणू? त्यांनी पत्रिका छापल्या. लगीन लावणारे जालन्याचे गुरुजी त्या दिवशी औरंगाबादला. दुसरं कोण हाय?”

“मंग आपलं लगीन पुढं ढकल.”

“तातेरावांना कोण सांगणार?”



तातेराव म्हणजे वसंताचे होणारे सासरे. राजूरला राहायचे, हातात घड्याळ बांधायचे आणि दर पाच मिनिटांनी ते बघायचे. त्यांच्या गल्लीत पत्रिकेवर वेळ छापून होणारं हे पहिलंच लग्न. गावातली माणसं गमतीनं विचारायची, “तातेराव, मुहूर्त न्हाई तर मंग लगीन लागतं कव्हा? पाहुण्यांना भूक लागल्यावर?” तातेराव सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे: “आपण मुहूर्त सोडला. घड्याळ सोडलं न्हाई. पाच म्हंजे पाच.” लग्नाला पाचाचे सव्वापाच झाले असते तर तातेरावांना पुढची दहा वर्षं राजूरच्या बाजारातून खाली मान घालून जावं लागलं असतं.

आणि तातेरावांपेक्षा अवघड होती त्यांची मुलगी, बेबीनंदा. मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवायची. वसंता तिला बघायला गेला तेव्हा ती चहा ठेवून समोरच बसली आणि घर, नोकरी, आपल्याला पुढं शिकायचंय, असं बरंच काही बोलली. वसंता वाकून, डोळे मिटून ऐकत होता. सगळं संपल्यावर ती म्हणाली, “तुम्ही सात वेळा हौ म्हणालात. त्यातले ऐकल्याचे किती आणि पटल्याचे किती?”

वसंतानं डोळे उघडले. आजवर हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. बराच विचार करून तो म्हणाला, “पाच पटल्याचे. दोन वेळा मी बैलाचा विचार करून राह्यलो होतो.”

त्यावर ती एवढी हसली की आतून तिची आई धावत आली. लग्न ठरलं ते त्या क्षणी.

आता तीन पत्रिकांची बातमी राजूरला पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बेबीनंदाचा निरोप आला, देवानंदच्याच हातून: “लोकांची लग्नं लावा. माझी ना नाही. पण पाचला मी मांडवात बसणार आणि पाच वाजून गेले की उठणार. सगळ्या गावाला पुरून उरलेला नवरा मला नको.”

देवानंदनं निरोप सांगितला आणि वर स्वतःचं जोडलं, “ती उठंन बरं का गड्या. बिलकुल उठंन. तिनं बोलताना सुईत दोरा ओवला, एका फटक्यात.”

पौर्णिमेच्या सकाळी वसंता नवऱ्याचे पांढरे कपडे घालूनच घराबाहेर पडला, कारण मध्ये बदलायला वेळ मिळणार नव्हता. द्वारकाबाई आणि बाकीचं वऱ्हाड दुपारच्या एस.टी.नं परस्पर राजूरला जाणार होतं. सायकल देवानंद मारणार, वसंता मागे बसणार.

हसनाबादचं लग्न आठाचं साडेआठला लागलं. चांगलं झालं. साडेआठ हा त्या दिवसातला शेवटचा शहाणा आकडा होता.

पिंपळवाडीला पोचले तर मांडवाच्या तोंडाशी एक म्हातारी हार घेऊन उभी होती. तिला दिसायचं कमी. पांढरे कपडे दिसले, तिनं हार घातला, वसंताच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, “लई वाळला गं माह्या नातीचा नवरा!” खरा नवरा मागून आला तेव्हा हार संपले होते. वसंतानं आपला काढून त्याला घातला. लग्न लागलं. मग भाषणं सुरू झाली. तीन वक्ते होते आणि तिघांनीही सुरुवातीला वेळेच्या अभावी दोनच शब्द बोलतो असं सांगितलं. पहिल्याचे दोन शब्द वीस मिनिटं चालले. देवानंद मांडवाबाहेरून सायकलची घंटी वाजवत होता. वक्त्याला वाटलं टाळ्या पडतायत.

टाकळीला ते पावणेबाराला पोचले, उन्हात भाजून. आणि तिथं नवरदेवच नव्हता. नवरदेवाचा ट्रक वाटेत पंक्चर झाला होता. एक वाजला. दीड वाजला. दोन वाजले. वसंता मांडवात खुर्चीवर बसून होता आणि येणारा जाणारा त्याला काही ना काही सांगून जात होता. कोणाची गाय आटली होती. कोणाला पोराचं नाव ठेवायचं होतं. कोणाला तहसीलचा कागद वाचून हवा होता. वसंता प्रत्येकाला हौ म्हणत होता. बाहेर देवानंद डोकं धरून बसला होता.

अडीचला ट्रक आला, पण नवरदेवाच्या मामाचं आणि नवरीच्या काकाचं मानपानावरून वाजलं. ते मिटेस्तोवर साडेतीन झाले. मग एकदाचे नवरा-नवरी समोर उभे राहिले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. प्रतिज्ञेची वेळ आली. नवरदेवाचं नाव रामकिसन. घामानं निथळलेला, सांगाल ते म्हणायला तयार.

“माझ्या मागं म्हणा,” वसंता म्हणाला. “मी, वसंता…”

“मी, वसंता…” रामकिसन म्हणाला.

“आजपासून…”

“आजपासून…”

“बेबीनंदा हिचा…”

“बेबीनंदा हिचा…”

“थांबा, थांबा!” नवरीचा बाप उभा राहिला. “आमचा जावई रामकिसन हाय! आन ही बेबीनंदा कोण? कुठली हाय ती?”

रामकिसनची नवरी पदराआडून रामकिसनकडे बघू लागली. रामकिसन म्हणाला, “मला न्हाई म्हाईत. मी नुसतं मागं म्हणून राह्यलो.”

आणि वसंताला हसू फुटलं. त्यानं तोंडावर हात धरला, तर ते नाकातून आलं. त्यानं पाठ फिरवली, तर खांदे हलायला लागले. ते बघून नवरी हसली, मग रामकिसन, मग नवरीचा बाप, मग मानपानावरून भांडलेला मामा आणि काका एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून. मांडवाचे बांबू हलत होते. वसंता खाली जमिनीवर बसला, पोट धरून. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं, हसू थांबलं तरी.

एका बाईनं त्याला तांब्या दिला. तिचं नाव उषाबाई, नवरीची मावशी. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. “काय झालं रे बाबा?”

“मावशी, बेबीनंदा माझी होणारी बायको. आज पाचला राजूरला माझं लग्न हाय.”

हे त्यानं फार हळू सांगितलं, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं.

“आन दुपारधरून इथं बसून ऱ्हायला?” नवरीचा बाप ओरडला. “सांगायचं ना भाऊ!”

“तुम्ही लगीन लावता का म्हणून विचारलं…”

“मंग तू न्हाई म्हणायचं! आम्हाला काय सपान पडतं?”

“मला ते येत न्हाई,” वसंता म्हणाला. “मी लई बार ठरवलं. तोंडापर्यंत येतं आन हौ होतं.”

मग त्या लोकांनी काय केलं, ते टाकळीत अजून सांगतात. रामकिसनचं लग्न योग्य नावानं चार मिनिटांत लागलं. एकानंही भाषण केलं नाही. जेवणाच्या पत्रावळी वाढायच्या राहिल्या, बुंदीची पातेली झाकून ट्रकमध्ये चढवली, आणि अख्खं वऱ्हाड, नवरा-नवरीसकट, वसंताला घेऊन राजूरला निघालं. सायकल टपावर बांधली. देवानंद ड्रायव्हरच्या शेजारी बसला आणि प्रत्येक वळणावर “जल्दी, जल्दी” म्हणू लागला, इतका की ड्रायव्हरनं त्याला एकदा खाली उतरवण्याची धमकी दिली.

अर्ध्या वाटेत रस्त्याच्या मधोमध कचरू उभा होता. हा कचरू एक शेतकरी, त्याचा मळा रस्त्याला लागून. त्यानं दोन्ही हात वर केले होते. ट्रक थांबला.

“डाक्टर हायेत का? सकाळधरून सहा ढोरं बांधून ठेवली. तुम्ही रैवारी येतो म्हणलात.”

वसंता ट्रकच्या फाळक्याला धरून उभा राहिला. साठ माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं डोळे मिटले नाहीत. त्याची मान वाकायला लागली, ती त्यानं जोर लावून ताठ केली.

“न्हाई,” तो म्हणाला.

“बराबर,” कचरू म्हणाला. “मंग किती वाजता येता?”

“न्हाई येत, कचरूभाऊ.”

“हौ, पण किती वाजता?”

“आज न्हाई! आज माह्यं लगीन हाय!”

“आसं का!” कचरूला मनापासून आनंद झाला. “मंग लगीन लागल्यावर या. आम्ही काय, इथंच हौत.”

ट्रकमध्ये हशाचा स्फोट झाला. वसंता मात्र हसला नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू आलं नाही. “मंगळवारी,” तो म्हणाला. “मंगळवारी सकाळी. ढोरं सोडून दे, पाणी दाखव त्यांला.”

कचरूनं बायकोला हाक मारून ढोरं सोडायला सांगितली आणि स्वतः ट्रकमध्ये चढला. डाक्टरचं लग्न आणि आपण नाही, असं कसं होईल?

ट्रक राजूरला शिरला तेव्हा उन्हं कलली होती. घड्याळ कोणाकडेच नव्हतं, म्हणून सगळ्यांना भीती वाटत होती. गल्लीच्या तोंडाशी, मांडवापासून चांगली पन्नास पावलं अलीकडे, पांढऱ्या लुगड्यात बेबीनंदा उभी होती. मागे दोघीतिघी मैत्रिणी.

वसंता ट्रकमधून उतरला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद, ग्रीस आणि पिंपळवाडीच्या हाराचे डाग होते.

“उठलात?” त्यानं विचारलं.

“उठले. म्हणाले होते ना, पाच वाजून गेले की उठणार. मग उठून जायचं कुठं, ते ठरवलं नव्हतं. इथवर आले.” तिनं त्याला खालीवर पाहिलं. “झाली सगळ्यांची लग्नं?”

वसंताला वाटेत बरंच काही सुचलं होतं, पंक्चर, भाषणं, मानपान. त्यातलं काहीच त्यानं सांगितलं नाही. तो म्हणाला, “मला न्हाई जमलं. एवढं सगळं मला एकट्याला जमत न्हाई. बऱ्याच दिवसांपासून जमत न्हाई.”

बेबीनंदानं ट्रकवर बांधलेली सायकल पाहिली. मग म्हणाली, “हे आधी बोलला असता तर मी सकाळीच सायकलवर मागं बसले असते. चला.”

मांडवात तातेराव उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरून उभे होते. कचरूनं सरळ जाऊन त्यांनाच विचारलं, “पावणं, लगीन कितीला हाय?”

“पाचला.”

“आन आता किती वाजले?”

तातेरावांनी घड्याळ पुढे केलं. पाच. बरोबर पाच. घड्याळाची चावी त्यांनी पाचला वर ओढून धरली होती आणि गेली पंचवीस मिनिटं काटे जागचे हलू दिले नव्हते. त्यांच्या बोटांना कळ लागली होती. “बसा जल्दी!” ते वसंतावर ओरडले. “किती वेळ धरू मी?”

सगळे बसले. नवरा-नवरी समोर उभे राहिले. फोटोंपुढे मेणबत्त्या पेटल्या. आणि मग कोणीच काही बोलेना.

“सुरू करायला सांगा,” तातेराव म्हणाले.

“कोणाला?” वसंता म्हणाला.

“तुम्हीच आणणार होता ना विधीला माणूस? मी महिन्याखाली विचारलं, तुम्ही हौ म्हणलात.”

वसंताचा चेहरा बघून द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. देवानंद म्हणाला, “काय न्हाई, हाच लावतो. सकाळधरून तीन लावलीत. एक आजून.” आणि कोणीतरी खरंच वंदनेची पुस्तिका वसंताच्या हातात दिली. त्यानं ती घेतली.

बेबीनंदानं ती पुस्तिका त्याच्या हातातून काढून घेतली.

“आज तुम्ही मागं म्हणायचं,” ती म्हणाली. “मी सांगते.”

“नवरी कुठं लगीन लावती व्हय?” तातेराव म्हणाले.

“नाही लावत असं कुठं लिहिलंय, बाबा? मला सगळं पाठ आहे. घड्याळ सोडू नका.”

तिनं पुस्तिका उघडलीच नाही. तिचा आवाज वसंताइतका मोठा नव्हता, पण बालवाडीतल्या पन्नास पोरांवरून जाणारा होता. वंदना झाली, मांडव मागं म्हणत राहिला, टाकळीचं वऱ्हाडही. तिनं स्वतःची प्रतिज्ञा स्वतःच म्हटली. मग वसंताकडे वळली आणि त्याला शब्द शब्द सांगू लागली. तो म्हणत गेला. पत्नीचा सन्मान करीन, म्हटलं. तिला शिकू देईन, म्हटलं.

“आणि एका दिवसाला एकच लग्न लावीन,” बेबीनंदा म्हणाली.

“आणि एका दिवसाला एकच…” इथं मांडव फुटला. सगळ्यात मोठ्यानं रामकिसन हसला. वसंतानं वाक्य पूर्ण केलं, शब्द न गाळता. फुलं पडली. तातेरावांनी चावी दाबली आणि घड्याळ चालू झालं.

टाकळीची बुंदी आणि राजूरचा भात एकाच पंगतीत वाढला गेला. दोन नव्या जोड्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसल्या. आहेर द्यायला रांग लागली आणि राजूरच्या लोकांनी निम्मा आहेर रामकिसनला दिला, कारण त्याचे कपडे जास्त स्वच्छ होते.

रांगेत पहिला एक गृहस्थ होता, अप्पाराव नावाचा. त्याला पुढच्या महिन्यात नव्या घरात जायचं होतं. तो वाकून वसंताच्या कानाशी बोलू लागला, दिवस, वार, दुपारी बरं पडंल का सकाळी. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की पलीकडून काहीच आवाज येत नाही. वसंताची मान छातीवर पडली होती. हारासकट, फुलांसकट तो गाढ झोपला होता.

बेबीनंदानं त्याच्या हातातली बुंदीची पत्रावळ काढून आपल्या मांडीवर ठेवली.

“काय काम आहे ते मला सांगा,” ती अप्पारावला म्हणाली, “आणि जरा हळू बोला.”

अप्पाराव इतका गोंधळला की आपण कशाला आलो होतो तेच विसरला. “काय न्हाई बाई, जयभीम,” तो म्हणाला, आणि मागच्या माणसाकडे वळून तोंडावर बोट ठेवलं. त्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. अशी ती सगळी रांग चवड्यांवर चालत, नारळ छातीशी धरून, वसंतासमोरून पुढे सरकत गेली.